बारा वेळा उघडलेलं पान

नझीहा कम्मून आमच्या ऑफिसात नोकरीला लागली तेव्हा तिथे एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर कायम भरतकाम केलेलं फडकं असायचं. स्फाक्स बंदरात येणाऱ्या जहाजांची कागदपत्रं करून देणं हा आमचा धंदा. मीठ, फॉस्फेट, हिवाळ्यात ऑलिव्हचं तेल. मालक सी बशीर, म्हणजे बशीरसाहेब, यांनी तो कॉम्प्युटर घेतला होता, पण त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. नझीहाने पहिल्या दिवशी फडकं काढलं, त्याची घडी घातली आणि ती सी बशीरांच्या हातात दिली. ते ती घडी घेऊन बराच वेळ उभे होते.

त्या काळी पडदा काळा असायचा आणि आपण काही सांगितल्याशिवाय त्यावर काही यायचं नाही. नझीहाला हे फार आवडायचं. विचारल्याशिवाय बोलत नाही, हा गुण माणसांत कमी सापडतो, असं ती म्हणायची. ती स्वतःही तशीच होती. लग्नाचं कुणी विचारलं तर ती विषय बदलत नसे, फक्त उत्तर देत नसे. आईबरोबर राहायची. शनिवारी दुपारी युवक केंद्रात कॉम्प्युटरचा वर्ग घ्यायची आणि त्याचे पैसे घ्यायची नाही. शहरातल्या निम्म्या बँका, शाळा आणि औषधाची दुकानं तिच्या हाताखालून गेलेल्या माणसांवर चालत होती, म्हणायला हरकत नाही.

पुढे एकाचे सतरा कॉम्प्युटर झाले. काळा पडदा गेला, रंगीत आला. तिने तेही शिकून घेतलं, कारण आतलं सगळं अजून हाताला लागत होतं. मग दर दोन-तीन वर्षांनी सिस्टिमची नवी आवृत्ती यायला लागली आणि दर आवृत्तीत काहीतरी नाहीसं व्हायला लागलं. आधी फाईलच्या नावामागची तीन अक्षरं गेली. मग फाईल कुठल्या फोल्डरात आहे हे सांगणारी वरची ओळ गेली. मेनूतल्या शब्दांच्या जागी चित्रं आली आणि खाली त्यांची नावं आली. पुढच्या खेपेला नावं गेली, नुसती चित्रं उरली. नझीहा दर वेळी गेलेली वस्तू कुठे दडवली आहे ते शोधायची, वहीत लिहायची आणि ती सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीला कळवायची. अभिप्राय पाठवायला पडद्यावर एक चौकोन होता. त्यात तिने एकसष्ट वेळा लिहिलं, आधी फ्रेंचमधून, मग अरबीतून. उत्तर दर वेळी एकच: तुमच्या मदतीमुळे आम्ही अधिक चांगले होत आहोत.

तिचं म्हणणं साधं होतं. नव्या माणसाला सोपं करून द्या, माझी काही हरकत नाही. पण त्यासाठी माझा रस्ता का बुजवता?

एका जानेवारीत तेलाचं जहाज चार वाजता सुटायचं होतं आणि आदल्या दिवशी नवी आवृत्ती येऊन बसली होती. जकातीच्या फॉर्मचा कागद आमच्याकडे नेहमीच्या मापाचा नसतो, आणि प्रिंटर तो ओळखेना. पूर्वी कागदाचं माप, ट्रे, तार असं सगळं एकाच पानावर असायचं. त्या पानाच्या जागी नवं पान आलं होतं. त्यावर प्रिंटरचं एक गोंडस चित्र, पुष्कळशी पांढरी जागा आणि एक बटण: अडचण सोडवा. मी दाबलं. बराच वेळ चक्र फिरलं. मग उत्तर आलं की अडचण आढळली नाही, आणि तरीही ती असल्यास आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.

सी बशीरांनी विचारलं, प्रशासक कोण? मी नझीहाकडे बोट दाखवलं. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने रोजच्या नोंदवहीत लिहिलं, "११.२०. प्रशासकाशी संपर्क साधायला सांगितलं. साधला. तिलाही माहीत नाही." मग तिने आत अजून शिल्लक असलेला तो काळा पडदा उघडला, आठवून आठवून एक नाव टाइप केलं आणि जुनं पान वर आलं. करड्या रंगाचं, बारीक अक्षरांचं, गच्च भरलेलं. चार मिनिटांत फॉर्म बाहेर पडले.

"हे असंच का ठेवत नाहीत?" सी बशीर म्हणाले.

"हे बघून लोक घाबरतात म्हणे."

सी बशीरांनी ते पान जरा वेळ न्याहाळलं आणि आपल्यालाही थोडी भीती वाटते, असं कबूल केलं.

त्याच महिन्यात घरी वेगळंच घडलं. नझीहाची आई, लल्ला झकिया, ब्याऐंशी वर्षांची, केर्केन्ना बेटावरची, शाळेचं तोंड न पाहिलेली. थोरला मुलगा मार्सेलला. त्याच्याशी बोलायचं तर ती नझीहा घरी यायची वाट बघत बसायची. घरच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती आली आणि पडद्यावर मोठे मोठे चौकोन आले, एकात मुलाचा फोटो. नझीहा संध्याकाळी घरी गेली तर आई मुलाशी बोलत होती. दुपारपासून तिसऱ्यांदा. आपणच फोटोवर बोट दाबलं म्हणाली.

"हे बरं केलं बाई त्यांनी," लल्ला झकिया जेवताना म्हणाली. "आधी नुसता पसारा होता. तू कशी काय बघायचीस त्यात?"

नझीहाने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. तू काय म्हणालीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, मी मासा वाढला.

ऑगस्टमध्ये परदेशी गेलेली सगळी मंडळी परत येतात आणि लग्नं उरकून घेतात. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाला नवऱ्या मुलीचा भाऊ हातिम कॅनडाहून आला होता. तो त्याच कंपनीत इंजिनिअर आहे हे कळल्यावर नझीहा माझ्याकडे आली आणि म्हणाली, सी जलूल, माझ्यासोबत चला, साक्षीदार हवा. नवरा-नवरी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर ठेवलेला मासा ओलांडत होते, बायका जीभ हलवत आनंदाची हुलहुली देत होत्या, आणि अंगणाच्या कोपऱ्यात बदामाच्या सरबताचा पेला धरून हातिम आमच्या तावडीत सापडला. मुलगा सालस होता. आपण त्या सेटिंगच्या पानावरच काम केलंय, हे त्याने उलट अभिमानाने सांगितलं.

"म्हणजे जुनं पान तू काढलंस?"

"मी एकट्याने नाही, मावशी. आम्ही चौदा जण होतो."

"चौदा लागले?"

हातिमने सरबताचा घोट घेतला. त्याने समजावून सांगितलं की त्यांनी मनाने काही केलेलं नाही. शंभरातली दोन माणसंसुद्धा ते पान उघडत नव्हती. जे कुणी वापरत नाही ते काढायचं, असा नियम.

"मी वापरते. माझे विद्यार्थी वापरतात."

"आकड्यांत तसं दिसत नाही, मावशी."

"हे आकडे येतात कुठून?"

"मशीनच कळवतं. कोण काय उघडतं, किती वेळा, सगळं."

नझीहाचा चेहरा मी तेहतीस वर्षं पाहत आलोय. तो तसा कधी पडला नव्हता. कारण कॉम्प्युटर हाती आला की ती पहिलं काम करायची ते हे कळवणं बंद करण्याचं. घरातली गोष्ट घरात राहावी, हे तिचं तत्त्व. ऑफिसातल्या सतराही मशीनवर तिने ते बंद केलं होतं, आईच्या कॉम्प्युटरवर केलं होतं, आणि एकोणीस वर्षं दर शनिवारी, पहिल्याच धड्यात, तिने प्रत्येक विद्यार्थ्याकडून ते बंद करून घेतलं होतं. ज्यांना आतलं कळत होतं त्यांनी कळवणं बंद केलं, आणि कळवणारे उरले ते फोटोवर बोट दाबणारे. कंपनीच्या हिशेबी स्फाक्समध्ये जाणकार माणूस जन्मालाच आलेला नव्हता.

"मग तुम्हाला आम्ही दिसतच नाही," ती म्हणाली.

"नाही, मावशी," हातिम म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं.

तीन दिवस गेले. सोमवारी येऊन तिने आपल्या एकट्या मशीनवर ते कळवणं सुरू केलं. बाकीच्या सोळांवर गिऱ्हाइकांची कागदपत्रं होती, ती सांगायचा अधिकार आपल्याला नाही म्हणाली. मग काळ्या पडद्यावर नाव टाइप करून तिने जुनं पान उघडलं आणि बंद केलं. असं बारा वेळा. मग कामाला लागली.

त्यानंतर तिने जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायला सुरुवात केली. रोज सकाळी फक्त बारा वेळा, म्हणायची. बँकेतले दोघे लगेच तयार झाले. औषधाच्या दुकानातली इब्तिसाम मात्र अडून बसली.

"मावशी, हे बंद करा असं तुम्हीच शिकवलंत. चालू ठेवणं म्हणजे पडदा न लावता कपडे बदलण्यासारखं, असं म्हणाला होतात."

"मी शिकवलं ते बरोबर होतं," नझीहा म्हणाली. "आता चुकीचं करायचंय."

शेवटी इब्तिसामही हो म्हणाली, आणि अशी एकतीस माणसं जमली. मीही त्यांतला एक. माझ्या घरच्या मशीनवर मी रोज कॉफी उकळेपर्यंत ते पान उघडायचो आणि मिटायचो. पहिले काही दिवस आपण काही मोठं करतोय असं वाटलं, नंतर दात घासल्यासारखं झालं. बायकोने एकदा विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, आम्ही आहोत हे कळवतोय. ती म्हणाली, कुणाला?

अकरा महिने हे चाललं. लग्नाच्या सीझनमध्ये, रमझानमध्ये, एकालाही चुकवू दिलं नाही तिने. जुलैत नवी आवृत्ती येणार होती, तिची आम्ही वाट बघत होतो. आली. जुनं पान नाहीसं झालं नव्हतं, पण जे नाव टाइप केलं की ते उघडायचं, ते नाव आता चालेना. नझीहाला ते नव्या जागी शोधायला दीड दिवस लागला. तिने हातिमला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं, लांबलचक आणि फार अदबीने लिहिलेलं.

तुमच्या भागातल्या आकड्यांत वाढ दिसली, मावशी, त्याने लिहिलं होतं. तीसएक माणसं ते पान रोज डझनभर वेळा उघडत होती, याची आमच्याकडे बैठकीत चर्चा झाली. पण उघडल्यावर त्यातलं कुणीही काहीही बदलत नव्हतं, लगेच बंद करत होतं. म्हणून निष्कर्ष असा निघाला की ही माणसं चुकून तिथे पोचतात आणि गोंधळून परत फिरतात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून पान आणखी आत नेलं. मी बैठकीत होतो. मला कारण माहीत होतं, पण ते सांगितलं असतं तर कुणाला पटलं असतं असं वाटत नाही.

नझीहाने पत्र छापून घेतलं आणि दोनदा वाचलं.

"सी जलूल, तुम्ही उघडून काय करायचात?"

"बंद करायचो."

"मीही." पत्राची घडी घालत ती म्हणाली, "एखादं माप बदलून परत तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं. सुचलं नाही."

त्या दिवशी दुपारी तिने जेवणाचा डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मशीनवरचं कळवणं बंद केलं आणि एकतीस जणांना एकेक करून फोन लावला की आता बंद करा, आणि मनापासून आभार. इब्तिसाम म्हणाली, मावशी, मी सुरू केलंच नव्हतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं होतं. नझीहाने तिला शाबासकी दिली.

पुढच्या वर्षी तिने मुदतीच्या दोन वर्षं आधी नोकरी सोडली. सी बशीरांनी थांबवायचा प्रयत्न केला, पगार वाढवून देतो म्हणाले. ती म्हणाली, माझ्याजोगं काम आता या मशीनमध्ये राहिलेलं नाही, जे आहे ते बटण करतं. ते खरं नव्हतं. ती गेल्यापासून प्रिंटर बिघडला की आम्ही तिच्या घरी फोन करतो आणि ती पाठ असल्यासारखी रस्ता सांगते.

घरी तिने आपल्यासाठी दुसरा कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर कुणाच्याच मालकीची नसलेली, फुकट मिळणारी सिस्टिम बसवली. त्यात सगळं उघडं असतं आणि आपण सांगितल्याशिवाय काही चालत नाही. प्रिंटर जोडायला तिला दोन पूर्ण दिवस लागले. मी सहज भेटायला गेलो होतो तेव्हा ती जमिनीवर बसून तारा बघत होती, केसांना धूळ लागलेली, आणि मी तिला इतकं खुशीत क्वचितच पाहिलं असेल. आईच्या कॉम्प्युटरला मात्र तिने हात लावला नाही. लल्ला झकिया बाहेरच्या खोलीत मोठ्याने मुलाला रागवत होती, नातवाची सुंता केर्केन्नालाच व्हायला हवी म्हणून.

शनिवारचा वर्ग अजून चालू आहे. पूर्वी तीस यायचे, आता आठ-नऊ येतात. मी निवृत्त झाल्यापासून मागच्या बाकावर जाऊन बसतो. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलीने, जिने जन्मभर फोनच वापरलाय, हात वर करून विचारलं की फाईल नक्की असते कुठे. बाकीचे हसले नाहीत, त्यांनाही माहीत नव्हतं. नझीहाने खडू घेतला आणि फळ्यावर एक मोठं झाड काढलं, मूळ वर आणि फांद्या खाली, आणि एकेका फांदीवर फोल्डरचं नाव लिहीत गेली. वर्गाची वेळ संपली तरी ती लिहीतच होती. केंद्राचा रखवालदार दारात येऊन किल्ल्या वाजवायला लागला. नझीहाने मागे न बघता त्याला सांगितलं की अर्धंच झालंय, तूही बस. तो जरा घुटमळला, मग माझ्या शेजारी येऊन बसला.