दत्ताची गुरुवारची शिकवणी

मी देवाला हात जोडतो तो आई बघत असते म्हणून. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी मोबाईल काढून बसतो. या सदरातले अनुभवही आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. तेव्हा माझं लिहिलेलं तुम्ही तसंच वाचलंत तर तक्रार नाही.

मी कर्जतजवळ दहिवलीला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी मी आणि माझा मित्र दत्ता, आम्ही दोघांनी मिळून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी मराठीतून एक ऑनलाईन फोरम सुरू केला. कुणीही प्रश्न टाकायचा, ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं. दत्ताचं चौकला जुन्या हायवेवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, दोन गॅरेजच्या मधे. डिग्री नव्हती. मशीन उघडून आणि पुस्तकं वाचून शिकलेला माणूस. पण नवख्याला समजावावं तर त्यानेच. एकच गोष्ट पाच जणांनी विचारली तर पाच तऱ्हेने सांगायचा. "घाई नको करू, मशीन कुठं पळून जात नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

सभासद वाढले तशी मोठ्या कंपन्यांतली मंडळी कुरकुरायला लागली – काय बाळबोध प्रश्न येतात, आमचा वेळ जातो वगैरे. मग मी फोरमचे दोन भाग करायचं ठरवलं. एक नवशिक्यांचा, एक जाणकारांचा. जाणकारांत यायचं तर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम पाठवायचा, तो मी तपासणार.

दत्ता मुद्दाम दहिवलीला आला. म्हणाला, "असं नको करू रं. जानती मान्सं तिकडं गेली की हिकडं उत्तर कोन देनार?"

"तू आहेस की," मी म्हणालो.

तो हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला.

श्रावणात त्याने जाणकारांच्या भागात एक प्रश्न टाकला. "दोन माणसांनी एकाच टायमाला बटण दाबलं तर मोजायचं कुणाचं?" बस, एवढाच. दोघातिघांनी हसण्याची चित्रं टाकली. आणि मी... मी तो प्रश्न उचलून नवशिक्यांत नेला, कुणी उत्तर देऊ नये म्हणून बंद केला आणि खाली लिहिलं – 'कृपया मूलभूत अभ्यास करून यावे.' ज्याने माझ्याबरोबर फोरम काढला त्याला, सगळ्यांसमोर.

प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडणारा आहे हे मला नंतर, आमच्या ऑफिसात तसाच घोळ झाला तेव्हा कळलं. दत्ताने इंग्रजी शब्द वापरले नव्हते, मला तेवढंच दिसलं होतं. कळल्यावरही फोन केला नाही. उद्या करू, परवा करू...

दिवाळीनंतर दत्ता गेला. दुकानातच छातीत दुखायला लागलं, खोपोलीला नेईपर्यंत संपलं सगळं. मला कळलं ते अकरा दिवसांनी, तेही फोरमवरच्या एकाकडून.

नवशिक्यांच्या भागात मग प्रश्न नुसते पडून राहायला लागले. दत्ता म्हणाला होता तसंच झालं. मी तिकडे फिरकत नव्हतो.

जूनमध्ये जाणकारांच्या भागासाठी एक अर्ज आला. नाव ज्योती, साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला. तिचा प्रोग्रॅम उघडला आणि मी खुर्चीत सरळ झालो. पॅकिंगच्या लाईनवर दोघींनी एकदमच बटण दाबलं तर एकीने किती थांबायचं, याचाच तो प्रोग्रॅम होता. मधेमधे मराठीत टिपा होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं – 'हितं थांबायचं. घाई नको करू.'

दत्ताचं काहीतरी चोरून हिने पाठवलंय, या संतापात मी तिला फोन लावला. "हे कुठून उचललंत?"

"उचललं नाही सर, मीच लिहिलंय. दत्ता सरांनी शिकवलं."

"कधी?"

"आत्ताच की. एप्रिल-मेमध्ये. गुरुवारी आमची सुट्टी असते, तेव्हा दुपारी मी चौकला जायचे, त्यांच्या दुकानात."

ती आपली सांगत होती. मार्चमध्ये तिने फोरमवर प्रश्न टाकला, कुणीच उत्तर दिलं नाही. आठवड्याने दत्ताचा निरोप आला – लिहून नाय समजणार, दुकानात ये. आठ गुरुवार ती गेली. तिच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात जागा निघणार होती, परीक्षा होती, म्हणून जीव तोडून शिकत होती. मेअखेरीला सर म्हणाले, आता तुला माझी गरज नाय.

मी फोन ठेवला आणि फोरमची सगळी नोंद धुंडाळली. ज्योती मार्चमध्येच सभासद झाली होती, त्याआधी तिचा मागमूस नाही. दत्ताचं खातं दिवाळीपासून उघडलेलं नाही. तिला गेलेला निरोप कुठेही नाही. तिला तिच्या मोबाईलवर शोधायला लावला, तिथेही तो सापडला नाही.

पुढच्या गुरुवारी मी तिला चौकला बोलावलं. दत्ताची बायको शालनवहिनी किल्ली घेऊन आल्या. दुकान त्यांनी दत्ता गेल्यावर बंद केलं ते बंदच होतं, किल्ली त्यांच्याशिवाय कुणाकडे नाही. दत्ता आता नाही हे मी ज्योतीला शटरसमोरच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग वहिनींच्या मोकळ्या कपाळाकडे.

"आतलं काय आठवतं तुम्हाला?" मी विचारलं. माझा आवाज वकिलासारखा येत होता, मलाच ऐकू येत होतं.

"कॉम्प्युटर नव्हता," ती हळूच म्हणाली. "सर वहीवरच शिकवायचे. पंखा पण नाही. मी डाव्या बाजूला बसायचे, निळ्या स्टूलावर. त्याचा एक पाय सुतळीनं बांधलेला आहे."

वहिनींनी शटर वर केलं. सगळीकडे धुळीचा थर, काउंटरवर, फळ्यांवर. कॉम्प्युटर वहिनींनी हिवाळ्यातच घरी नेला होता आणि वीजही तोडून घेतली होती. डाव्या बाजूला निळं स्टूल होतं. पायाला सुतळी. त्याच्यावरही धूळ होती, बोट फिरवलं तर रेघ उमटेल एवढी.

"म्हणजे तुम्ही तो असताना कधीतरी येऊन गेल्या असाल," मी म्हणालो.

"नाय," वहिनी म्हणाल्या. "ते स्टूल घरचं हाय. कॉम्पुटर नेला तवा मीच हितं आनून टाकलंय. सुतळी बी मीच बांधली, त्याच दिशी. त्यांनी ते दुकानात कदी बगितलंच नाय."

बाहेरून ट्रक जात होते. ज्योतीने पिशवीतून वही काढून वहिनींच्या हातात दिली. वहिनींना फारसं वाचता येत नाही. त्यांनी पानांवरून नुसता हात फिरवला.

"घरी नाय आले," त्या म्हणाल्या. "येक डाव नाय." मग ज्योतीला म्हणाल्या, "जेवला का, येवडं तरी इचारायचं गं."

ज्योती रडायला लागली.

नंतर मी फोरमचे दोन भाग मोडून पुन्हा एक केला. जाणकार मंडळी महिन्याभरात निघून गेली. त्यांना प्रश्नांचं काही नव्हतंच, नावापुढे 'जाणकार' हा शब्द हवा होता... आणि तो मीच वाटत सुटलो होतो. आता नवख्यांना मी उत्तरं देतो. दत्तासारखी जमत नाहीत. ज्योती परीक्षा पास झाली, कॉम्प्युटर विभागात लागली. त्यानंतर ती दोनदा चौकला जाऊन आली, शटर बंदच होतं.

हे कसं झालं असेल याचा सगळ्या बाजूंनी विचार करून झालाय. ती खोटं बोलली म्हणावं तर स्टूल आड येतं. वहिनी तिला सामील होत्या म्हणावं तर त्या दोघी त्या दिवसापर्यंत एकमेकींना ओळखत नव्हत्या, आणि वहिनींचा तो चेहरा मी पाहिलाय.

एक विचारल्याशिवाय मात्र राहवलं नाही. गेल्या आठवड्यात ज्योतीला फोन करून विचारलं, आठ गुरुवारांत दत्ता माझ्याबद्दल काही बोलला का. चांगलं, वाईट, काहीही.



"नाही सर," ती म्हणाली. "तुमचं नावच कधी निघालं नाही."