बाही सोडून मनगट
लेकीच्या मनगटाला मलम चोळताना त्या उग्र वासानं बीदरचं लाल मातीचं मैदान आठवलं. आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात बौद्ध घरातली मी एकटीच. साखळी करताना शेजारची मुलगी माझा हात न धरता बाही धरायची. बीदरच्या सामन्यात बाही फाटली आणि चढाई करणारी निसटली. "आता तरी हात धरतीस का न्हाई?" मी ओरडले. पुढच्या चढाईला तिनं माझं मनगट गच्च आवळलं. त्या पकडीवर आम्ही जिंकलो. "सोड की आता," मी म्हणाले. "व्हय की, ध्यानातच न्हाई बघ," म्हणत ती हसली आणि तसंच ओढत मला पाण्याच्या माठाकडं घेऊन गेली. तिच्या बोटांचे वळ चार दिवस राहिले. लेकीला आज सांगितलं, मी त्या वळांना मलम लावलंच नव्हतं.