निळ्या घरचा पाहुणचार

बसा बाप्पा, चहा येऊनच राहिला. तोवर माही फजिती ऐका. सुट्टी घालवायले गेलो अन् आपल्या तोंडानं आपलं नाक कापून आलो!

आमच्या निखिलचं लग्न जमून नाही राहिलं. पोट्टा इथंच रायपूरले समता कॉलोनीत फिजिओथेरपिस्ट, दिसायले बरा, सुपारीचंही व्यसन नाही. आम्ही पोरी पाहायले जातो, पोहे खातो, "सोचकर बताएँगे" ऐकतो, अन् मग फोनच येत नाही. मागचं स्थळ गेलं तेव्हापासून पोट्टा घरात गप्पगप्पच होता. माही बायको सुनंदा म्हणाली, "त्याले कुठं तरी फिरवून आणा हो."

राजिमच्या वाटेवर एका मालगुजाराची जुनी कोठी आहे. आता तिथं पाहुण्यांसाठी खोल्या केल्या आहेत. तिथंच गेलो. मॅनेजर मोठ्या हौसेनं सांगून राहिला होता, तलाव पाहा, जुनं शिवमंदिर पाहा, बैलगाडीत बसा, अन् दुपारी गावातल्या एका घरी खास पाहुणचार. "तालाब के पास नीला मकान है, उसको छोड़कर..."

मी मधातच म्हटलं, "भैया, चार पीढ़ी से ब्राह्मणपारा में हैं, हमको रास्ता मत बताओ!"

आता सांगा, छत्तीसगडच्या गावात निळं घर कोणतं नसते? अर्धं गाव निळं!

तलावाजवळच्या पहिल्याच निळ्या घरात शिरलो. एक म्हातारे आजोबा लगबगीनं पुढं आले. पाय धुवायले लोट्यात पाणी दिलं, खाटेवर नवी चादर टाकली. खायले ठेठरी, खुरमी, अन् आपल्या अनारशासारखा गरम अइरसा! मी सुनंदाले म्हटलं, "पाहा, पॅकेज असावं तर असं!"

आजोबांनी निखिलले विचारलं, "बाबू, का काम करथस?"

मी सांगितलं. पगारासकट सांगितलं.

"तोला खाय बर का बने लागथे?"

"अरे, ये सब खाता है!" तेही मीच.

मग नवी साडी नेसलेली एक पोट्टी चहा घेऊन आली. किती गोड हसली! मी म्हटलं, "वा बेटी, जिस घर जाओगी, उजाला कर दोगी!" अन् टीप म्हणून पाचशेची नोट तिच्या हातावर ठेवली.

झालं! आजोबांनी डोळे पुसले. आतल्या बायका गाणं म्हणू लागल्या. मले वाटलं, लोकगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. मी टाळ्या वाजवून राहिलो, मोबाइलवर शूटिंग करून राहिलो!

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. आई, बाप अन् कडक इस्त्रीचा एक पोट्टा उतरला. सोबत पोरीचा मामा. पोरगी पाहायले येणारे खरे पाहुणे हे! पोराले ओळखणारा एकटा मामा, अन् तो त्यांनाच आणायले मेन रोडवर गेला होता. मी जिले टीप समजत होतो, तो पोरगी पसंत असल्याचा शगुन झाला होता, हो!

पोराचा बाप लाल झाला. "ये क्या तमाशा है? दो-दो जगह बात चला रहे हो?"

पोट्टीचा चेहरा पांढरा पडला. माह्यामुळं एका लेकराचं जमता जमता मोडून राहिलं होतं. अन् मी? मोबाइल खिशात लपवून राहिलो होतो.

तेव्हा निखिल उठला. त्या बापासमोर हात जोडून म्हणाला, "अंकल, गलती हमारी है। हम कोठी के मेहमान हैं, घर भूल गए। रास्ता आपका देख रहे थे, खातिरदारी हमारी हो गई। सोचिए, ये लोग कितने अच्छे होंगे।"

तो बाप हसला. मग सगळेच हसले, पोट्टीही. मी आपल्या पोराकडं पाहतच राहिलो. हा इतकं छान बोलतो? मले काहून माहीत नव्हतं? वाईट वाटलं, खरंच सांगतो.

निघताना आजोबांनी नोट माह्या खिशात परत घातली. "साहब, लइका तो हीरा हे। फेर तुम्हर घर म ओला बोले के मौका मिलथे का?" म्हणजे, घरी या हिऱ्याले कधी बोलू देता का!

गाडीत रायपूर जवळ आल्यावर निखिल हळूच म्हणाला, "पापा, सब 'सोचकर बताएँगे' बोलते थे। आज पहली बार किसी ने सोचकर बताया।"

येत्या रविवारी पुन्हा मुलगी पाहायचा कार्यक्रम आहे. मायलेक दोघंच जाऊन राहिले. सुनंदा म्हणते, तुम्ही घरीच थांबा, प्लंबर येणार आहे.

आता तुम्हीच सांगा, आमचा एकही नळ गळत नाही!