आबांना ऐकू आलेला ट्रॉम्बोन

बरेच दिवस इथले अनुभव नुसते वाचतोय, लिहितोय मात्र आज पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आयुष्यभर पितळेच्या नळीत फुंकून पोट भरलेला माणूस मी... आवाज कसा निघतो, किती लांब जातो आणि कुठे विरतो हे मला बऱ्यापैकी कळतं. त्यामुळेच ही गोष्ट घराबाहेर फारशी सांगितली नाही. ऐकणाऱ्याच्या जागी मी असतो, तर मीच हसलो असतो.

माझं गाव मुक्ताईनगरच्या अलीकडे, जळगाव जिल्ह्यात. मुक्ताईनगरला आम्ही तेव्हा एदलाबाद म्हणायचो. घरची केळीची शेती. मी चौथीत असताना आमची विहीर खोल करायचं काम चाललं होतं आणि एक सुरुंग वेळेआधीच उडाला. आबा — म्हणजे माझे वडील — जवळ उभे होते. अंगावर खरचटण्यापलीकडे काही नाही, पण दोन्ही कान गेले. जळगावला दाखवलं, पुढे मुंबईलाही नेलं. आतली नसच गेलीये, मशीन लावून उपयोग नाही, असं दोन्हीकडे सांगितलं. तेव्हापासून आबांशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, ओठ मोठे हलवून, हातवारे करून. ते स्वतः बोलायचे, पण कमी, आणि बोलले की शेजारच्या मळ्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

कॉलेजसाठी मी भुसावळला मावशीकडे राहिलो. तिथे रेल्वे कॉलनीत ओवेन साहेब म्हणून एक रिटायर्ड अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर होते. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते ट्रॉम्बोन वाजवायचे. लग्नाच्या बँडमध्ये एक लांब नळी पुढे-मागे सरकवत वाजवतात, तेच हे वाद्य. याला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत की बटणं नाहीत, सूर हातानंच शोधावा लागतो. साहेब जॅझ वाजवायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी रोज कुंपणापाशी उभा राहायचो. एक दिवस त्यांनी आत बोलावलं, आणि माझं कॉलेज तिथेच संपलं म्हणा ना!

मग धुळ्याच्या एका बँड पार्टीत दोन लगीनसराया काढल्या. ओठ तिथे तयार झाले. पुढे ओवेन साहेबांच्या ओळखीनं मुंबई. संध्याकाळी एका हॉटेलात जॅझ बँड, दिवसा सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्डिंग. क्लबचा सीन असला किंवा व्हिलन जिना उतरत असला की ट्रॉम्बोनवाल्यांची आठवण व्हायची. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं फार छान गेली. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या वादकांकडून मी जितकं शिकलो, तितकं कुठल्याच शाळेत शिकलो नसतो.

सल एकच. माझं वाजवणं आबांनी कधी ऐकलं नव्हतं. एकदा सुट्टीत अंगणात वाजवलं तर सगळी गल्ली गोळा झाली. आबा थोडा वेळ बघत राहिले, मग उठून बैलांना पाणी दाखवायला निघाले. जाताना एवढंच विचारलं, "हात नाही दुखत का रे तुहा?"

तर आता मुख्य गोष्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मे महिना होता. मुंबईत एका गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. हळुवार गाणं, माझं काम नावापुरतं — अंतऱ्याच्या आधी खालच्या सुरात चार लांब स्वर, बस. रिहर्सल झाली, जेवणाची सुट्टी झाली, टेक सुरू झाला. माझी जागा आली आणि मी भलतंच वाजवू लागलो...

कसं सांगू? नोटेशन समोर होतं, डोळे त्यावरच होते. पण खालचा एक सूर हळूहळू घसरत वर गेला. पुन्हा तसाच गेला. तिसऱ्या वेळी आणखी वर जाऊन तिथेच थांबला, श्वास संपेपर्यंत. आणि मग पुन्हा पहिल्यापासून. गायिका थांबली, व्हायोलिनवाले थांबले, सगळे माझ्याकडे वळून बघतायत हे मला दिसत होतं. तरी थांबता येईना. मी काहीतरी वाजवतोय असं वाटतच नव्हतं... कुणाला तरी हाक मारतोय असं वाटत होतं. आणि मग एकदम ते सुटलं. मी ट्रॉम्बोन खाली ठेवला.

अरेंजर काचेमागून बाहेर आले. उद्यापासून आपल्याला बोलावणं नाही, असं मी धरूनच चाललो.

"सुधाकर, हे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही सर. चुकलं."

"सुंदर होतं," ते म्हणाले, "पण माझ्या गाण्यात नको."

टेप मागे फिरवली, त्यावरच दुसरा टेक घेतला. म्हणजे मी जे वाजवलं ते आज कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी गावाहून ट्रंक कॉल आला. काल दुपारी वादळ झालं, केळीची बाग आडवी झाली, आबा बरे आहेत, निघून ये. मिळेल ती गाडी धरून भुसावळ गाठलं, तिथून एसटीनं घरी.

मळ्यात पाय ठेवला. घडांनी लगडलेली झाडं एकावर एक आडवी. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीवर जुना निंब मुळासकट कोसळलेला. पत्रे दबून पार जमिनीला टेकले होते आणि त्याखालून बाजेचा एक मोडका पाय बाहेर आलेला. त्या बाजेवर आबा रोज दुपारी जेवून झोपायचे.

माय म्हणाली, "तठीच झोपले व्हते रे ते. मी डबा देऊन घरी आली अन् मागून वादळ सुटलं. मले वाटलं, गेले."

आबा माझा हात धरून बांधावर घेऊन गेले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मी झोपेल व्हतो. मले आवाज आला."

मी हातानं विचारलं, कसला?

"आवाज रे. कानात. पहिले वाटलं म्हैस हंबरते. मंग वाटलं, नाही, कोणी तरी मले बोलावून राह्यलं. बाहेर आलो तं आवाज रस्त्याकडून. त्याच्या मागं मागं गेलो. सडकेवर पोचलो आन् बंद. मंग वारं सुटलं."

मला वाटलं, धक्क्यानं काहीतरी मनात आलं असेल. समजूत काढावी म्हणून मी मान हलवली. तेवढ्यात ते म्हणाले, "असा व्हता," आणि गाऊन दाखवू लागले.

इतक्या वर्षांत स्वतःचाही आवाज न ऐकलेला माणूस. गळा खरखरीत. पण खालून घसरत वर गेला. पुन्हा तसाच गेला. तिसऱ्या वेळी आणखी वर जाऊन थांबला, श्वास संपेपर्यंत.

मी तसाच घराकडे धावलो.

मुंबईहून सोबत आणलेला ट्रॉम्बोन घेऊन आलो. त्यांच्यासमोर उभा राहून तेच वाजवलं, अगदी तसंच. ते माझ्या सरकत्या हाताकडे बघत होते. मग पुढे येऊन त्यांनी वाद्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

"हेच व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आता नाही येत आयकू," आबा म्हणाले. "तेव्हा आलं. बस झालं."

पुढे जळगावला त्यांचे कान पुन्हा तपासले. काहीही फरक नव्हता. डॉक्टर म्हणाले, कानात नुसतं घुमल्यासारखं होऊ शकतं. होऊ शकत असेल. पण घुमण्यात माझी ओळ कशी येईल? माझी आणि त्यांची वेळ अगदी जुळली का, हे मी सांगू शकत नाही, घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं. दुपार मात्र तीच, जेवणानंतरचीच. त्या टेकला शेजारी बसलेला माझा ट्रम्पेटवाला मित्र आजही ती ओळ गुणगुणून दाखवतो. म्हणजे मला भास झाला असंही नाही.

नव्वदच्या दशकात कीबोर्ड आले, आमची बोलावणी कमी होत गेली आणि मी जळगावला येऊन राहिलो, आबांनाही तिथेच आणलं. मुलांना शिकवू लागलो. अनेक जण विचारतात, वाईट नाही का वाटलं? नाही वाटलं. कारण त्यामुळे आबांबरोबर राहायला मिळालं. मी रियाजाला बसलो की ते खुर्ची ओढून समोर बसायचे आणि संपेपर्यंत उठायचे नाहीत. नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून, भरपूर जगून, झोपेतच शांतपणे गेले.

मी आजही देव-भुतं यांतलं काही ठामपणे सांगू शकत नाही. स्पष्टीकरण शोधलं, सापडलं नाही, आता शोधतही नाही. पण त्या दुपारी माझी हाक इतक्या लांब कुणी नेऊन पोचवली, त्याचे आभार कुठे मानायचे तेही मला माहीत नाही... म्हणून इथे मानतोय.