उठली का?

अमरावतीच्या कापूसबाजारात तो दिसला, की मी बैलबंड्यांच्या आड व्हायचो. उपकार केलेल्या माणसाला असं टाळू नये, पण करणार काय!

सरकारी दवाखान्यात रोग्याला बेशुद्धीचं औषध हुंगवायचं, हे त्याचं काम. कापसाला सोन्याचा भाव आला आणि सरकी काढायचे रेचे घरोघरी फिरू लागले. तशाच रेच्यात आमच्या मुलीचं बोट चेंगरलं. डॉक्टरांनी ते कापलं, तेव्हा तिच्या नाकाशी रुमाल धरून तोच बसला होता. तिचं मनगट त्यानं क्षणभरही सोडलं नाही. मी सहज म्हणालो, "झोपली." तसा खेकसला, "झोपली मनू नका! झोप आपल्याआप मोडते. इले मले वापस आनाव लागते."

आणली त्यानं. कापल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. आम्हा नवराबायकोचं त्याच्या पाया पडायचंच बाकी होतं.

पण तेव्हापासून भेटला, की मिशीतला कापूस झटकत विचारायचा, "पोरगी उठली का आज?"

"उठली."

"सोताहून, का उठवा लागली?"

बोटाचं एकदाही विचारलं नाही.

सहा महिन्यांनी मी वैतागलो. "भाऊ, आमी खुश आहो तुमच्यावर. रोज रोज काहून इचारता?"

तो बाहीवरचा कापूस वेचत राहिला. मग म्हणाला, "याच्या आंधी एका पोराचे मायबापबी असेच खुश होते. हसतच घेऊन गेले त्याले घरी."

आणि बंड्यांमधून वाट काढत निघून गेला.

आता मुलगी सकाळी जरा जास्त वेळ निजली, की मी उगाच भांडी आपटतो.