पापणीची खालची बाजू

माझ्या सासऱ्यांना कपाशीचं पान वाचता येतं. पान कडेने लाल पडलं की मॅग्नेशियम कमी, शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी झाली की लोह कमी, असं ते उभ्या उभ्या सांगतात. पान तोडत नाहीत. दोन बोटांवर उलटं करून खालची बाजू उन्हाकडे धरतात, क्षणभर बघतात आणि निकाल देतात. आजूबाजूच्या गावांतले लोक मोटारसायकलवर पानं घेऊन त्यांच्याकडे येतात. कृषी केंद्रवालासुद्धा त्यांना विचारून मगच सूक्ष्म अन्नद्रव्यांचे पुडे मागवतो, असं आमच्याकडे कौतुकाने सांगितलं जातं, आणि ते खोटंही नाही.

त्या माणसाच्या घरात मी सहा वर्षं वावरले. फिकी पडत गेले, ओठ पांढरे झाले, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि त्यांच्या नजरेला ते कधी आलं नाही. हे सांगताना माझा आवाज आजही चढतो. नवरा म्हणतो, "आता कायले उकरून काढतं? झालं ते झालं." मी उकरून काढते. डोळे माझे होते.

दुसऱ्या खेपेची गोष्ट आहे. ती मुलगी आता दुसरीत जाते. तेव्हा मला पाचवा महिना होता आणि ऐन वेचणीचे दिवस होते. आमचं गाव मारेगावच्या अलीकडे, घरचीच कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी. एका संध्याकाळी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन बायांच्या मागे चालले होते आणि बांधावरून सरळ नालीत पडले. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यांना पायवाट दिसत होती, मला दिसत नव्हती, हे मात्र मी बोलले नाही.

दिवसा सगळं ठीक असायचं. बोंडातली किडकी पाकळी मी लांबून ओळखायचे. पण ऊन उतरलं की कडा पुसट व्हायच्या, आणि दिवेलागणीला समोर नुसता धूर. अंगणातला बल्ब मला दिसायचा, पण त्याच्या उजेडात काही दिसायचं नाही. मग मी घर पाठ केलं. चुलीपासून न्हाणीपर्यंत चौदा पावलं, उंबरठा सातव्या पावलावर. मिठाचा डबा कोणी हलवला तर मी भांडायचे. सगळ्यांना वाटायचं, दिवस गेल्यापासून बाई चिडखोर झाली.

सांगितलं का नाही, असं पुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काय सांगणार होते? सासूबाईंच्या कानावर मी एकदा घालून पाहिलं होतं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. "आत्याबाई, सांजेले मले बराबर दिसत नाही." त्या भाकरी थापत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "पोटुशी बाईले होते असं. बाळंत झाली का जाते." विषय तिथेच संपला. आणि नवऱ्याला सांगायची मला भीती वाटत होती. माझ्या माहेरच्या गावात एका बाईला रातांधळी म्हणून माहेरी आणून सोडलं होतं, ते मी लहानपणी पाहिलं होतं. खरं तर भीतीपेक्षा लाज जास्त होती. आता त्या लाजेचाच मला राग येतो.

मग ती संध्याकाळ आली. माणसं शेतातून आली होती आणि आंघोळीच्या पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, मी चुलीवरून उतरवून न्हाणीकडे नेत होते. सहा, सात, उंबरठा, आठ. नवव्या पावलावर माझी थोरली बसली होती. तीन वर्षांची होती, चपला उलट्यासुलट्या पायात घालायचा खेळ चालला होता. मला ती दिसलीच नाही. पाय तिला लागला, गंज कलंडला, आणि आधी तिची किंकाळी ऐकू आली, मग पाणी पडल्याचा आवाज. पाणी तिच्या डाव्या पायावर सांडलं. थोडंसंच सांडलं. एक पाऊल पुढे असते तर डोक्यावर गेलं असतं. सगळे धावले, आणि मी अंधारात हात पसरून माझीच पोरगी शोधत होते. ती रडत होती दोन हातांवर आणि मला सापडत नव्हती.

सकाळ झाल्याझाल्या मी आशाताईंच्या दारात जाऊन उभी राहिले. आशाताई म्हणजे गावात गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या, गोळ्या वाटणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "चाल, आत्ताच्या आत्ता." घरी आत्याबाई म्हणाल्या, वेचणाऱ्या बाया आल्या, त्यांच्यासंगं कोण जाईन? मी म्हटलं, "कापूस उद्या वेचता येते." लग्नानंतर मी त्यांना दिलेलं ते पहिलं उलट उत्तर. ते द्यायला सहा वर्षं लागली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी कडेवरच्या थोरलीच्या भाजलेल्या पायाला मलम लावलं, मग माझी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं, संध्याकाळचं काय काय दिसत नाही ते नीट विचारलं. रक्त फार कमी होतं आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता होती. त्यांनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, कॅल्शियमच्या दिल्या, आणि अ जीवनसत्त्वाची कमी ताकदीची गोळी, आठवड्यातून एकच. "ही जास्त घ्यायची नाही," त्या दोनदा म्हणाल्या, "पोटातल्या बाळाला जास्त झालेली चालत नाही. मनाने डोस वाढवायचा नाही, आणि बंदही करायचा नाही." शिवाय पालेभाज्या, अंडी, शेवग्याचा पाला, लाल कोहळं म्हणजे लाल भोपळा, आणि जेवणात थोडं तेल-तूप. मला रडू आलं. आजाराला नाव होतं आणि त्याला गोळी होती, याचंच रडू आलं.

पुढे आमच्या घरात जे घडलं ते कपाशीवाल्यांच्याच घरात घडू शकतं. फवारणीची कामं नवऱ्याकडे. आमच्याकडे कोणी एका टाकीत एक औषध टाकत नाही. कीटकनाशक, टॉनिक, अन्नद्रव्य, सगळं एकत्र कालवून पंप पाठीवर घ्यायचा. एका फेरीत काम उरकतं आणि मजुरी वाचते. तोच न्याय त्याने मला लावला. प्रेमाने लावला, हे मी नाकारत नाही. सकाळी उठल्याबरोबर सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन यायचा, सोबत कपभर काळा चहा. "एकाच दमात घेऊन टाक. दिवसभराची कटकट नको." उपाशी पोटी लोह, कॅल्शियम आणि चहा एकदम पोटात गेले की अर्ध्या तासात सगळं बाहेर यायचं. आठवड्याची गोळीसुद्धा अशीच दोनदा बाहेर गेली. बारा-तेरा दिवस हे चाललं. संध्याकाळी मी तशीच आंधळी.

मग आत्याबाईंनी ठरवलं की गोळ्या मला मानवत नाहीत. त्यातून कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की लाल गोळीने पोर काळं होतं. उरलेल्या गोळ्या त्यांनी कुटून जास्वंदीच्या मुळाशी घातल्या. घरात आम्ही दोघी अशक्त होतो, मी आणि जास्वंद, आणि इलाज जास्वंदीचा झाला.

आशाताई आल्या, रिकामी पाकिटं पाहिली, आणि ओसरीवरच माझ्या नवऱ्याला चार शब्द सुनावले. "बाईचं पोट म्हणजे तुमचा पंप आहे काय, सगळं एकात कालवाले? लोहाची गोळी दुपारी जेवल्यावर, लिंबाच्या पाण्यासंगं. चहा तिच्या जवळपासबी नको. कॅल्शियम राती. आठवड्याची गोळी तेला-तुपाच्या जेवणानंतर. आन् ते कोहळं तिकडे नुसतं लोळून राह्यलं, ते कायले ठेवलं?"

कोहळं होतं, एक नाही, तीन. कुडाच्या भिंतीशी रांगेत, माझ्या गुडघ्याएवढी. पण आमच्याकडे कोहळ्यावर बाईने पहिली सुरी चालवायची नसते. ते थोरल्या पोरासारखं मानतात, पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने चिरायचं. मी नवऱ्याला म्हटलं, कापून दे. तो म्हणाला, सांजेले. सांजेला तो यायचा तेव्हा मला विळी दिसायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांजेले. चार दिवस मी त्या कोहळ्यांसमोरून येत-जात होते. माझ्या डोळ्यांचं औषध घरात पडलं होतं, आणि त्याला हात लावायला मला पुरुषाचा हात पाहिजे होता.

पाचव्या दिवशी बाजाराचा दिवस होता, वेचणी बंद. भर दुपारी मी कोयता घेतला, मांडी घालून बसले आणि घातला घाव. एकाने फुटलं नाही. तीन लागले. आतला गर असा केशरी निघाला की मी तिथेच एक फोड कच्ची तोंडात टाकली.

आत्याबाई आतून आल्या आणि जागीच थांबल्या. "अवं, हे काय केलं तू? बाईमाणसानं कोहळं कापते काय?"

"कापलं," मी म्हटलं. "काही झालं नाही. मी बी आहे, कोहळंबी आहे."

त्या जोराने बोलायला लागल्या. ओसरीवर सासरे बसले होते, सोबत पलीकडच्या गावचे दोन शेतकरी, हातात पानं. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय झालं?"

"सुनेनं कोहळं कापलं," आत्याबाई म्हणाल्या.

मी उठले. हात चिकट होते, ते लुगड्याला पुसले आणि ओसरीवर गेले. सहा वर्षांत मामाजींसमोर मी डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी मी तो मागे टाकला, त्यांच्यासमोर खाली बसले आणि दोन बोटांनी खालची पापणी ओढून धरली.

"मामाजी, लोकायच्या वावरातली पानं पाहून राह्यले न तुमी. आता हे पान पाहा. याले काय कमी आहे, सांगा."

दोघे पाहुणे दुसरीकडे बघायला लागले. मामाजींच्या हातातलं पान खाली आलं. त्यांनी पाहिलं. सवयच तशी, समोर धरलं की बघायचं. उजेड येत नव्हता म्हणून त्यांनी मला चेहरा थोडा उन्हाकडे वळवायला सांगितलं, मी वळवला.

"पांढरं फट आहे," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "लोह कमी." आणि मग, "कधीपासून?"

"ते तुमाले माहीत पाह्यजे होतं," मी म्हटलं.

त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, आणि मी वाटही पाहिली नाही. आत्याबाईंना एवढंच म्हणाले, "तिच्या गोळ्या तिच्यापाशी राहू दे." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचं शेतकी डोकं चाललं. जमीन इतकी खंगली असली तर डबल मात्रा देतात, तर त्या आठवड्याच्या गोळीचं तसं करावं काय, असं विचारत आले. मी म्हटलं, "तुमची कपाशी पोटुशी नसते, मामाजी." ते हसले. मी हसले नाही.

आशाताईंनी नवीन गोळ्या आणून दिल्या. त्या मी फडताळात लपवल्या नाहीत, ओसरीवर घड्याळाखालच्या खिळ्याला पिशवीत टांगल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. दुपारी जेवण झालं की सगळ्यांसमोर लिंबू पिळायचे आणि लाल गोळी घ्यायचे. कोणी पाहुणी बाई म्हणाली, पोरगं काळं होईन हो. मी म्हणायचे, होऊ द्या, आईले दिसलं पाह्यजे. कोहळी तिन्ही मीच कापली. दुसऱ्या कोहळ्याला आत्याबाई नुसत्या बघत राहिल्या, तिसऱ्याला बिया वाळवायला घेऊन गेल्या.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एका दिवेलागणीला मी ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. माणसं शेतातच होती. थोरली माझ्या पाठीला टेकून बसली होती. आत्याबाईंनी तुळशीपाशी दोन पणत्या ठेवल्या आणि वळल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, डावीकडची विझली."

त्या थांबल्या. पणतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले दिसलं?"

"दिसलं," मी म्हटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला दिसलं. तुळस दिसत होती, वृंदावनाची कड दिसत होती, पलीकडे जास्वंदीची पानंसुद्धा. मी मागे हात घालून पोरीला पुढे ओढलं आणि तिचं तोंड पाहिलं. भर संध्याकाळी पाहिलं. मला हुंदका आवरला नाही.

आत्याबाई पणती पुन्हा न लावता माझ्याशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग शेंगांकडेच बघत म्हणाल्या, "मले चारही खेपेले असंच होतं. मले वाटे, बाईले दिवस गेले का तिले संध्याकाळ नसतेच."

मी पोरीला मांडीवर घेतलं.

"तिसऱ्या खेपेले याच ओट्यावरून पडली मी. सातवा होता. पोरगा होता. लोक म्हनले, बाईनं पाहून चालू नये काय." त्यांनी एक शेंग उघडली, दाणे टोपल्यात टाकले. "मीबी तसंच म्हनली. माहीच चूक होती, म्हनली."

इतके दिवस माझा राग त्यांच्यावर होता. तो जागचा हलला, पण कमी झाला नाही, उलट वाढलाच. मी टोपलं बाजूला सारलं आणि आत गेले. दोन ताटं घेतली, भाकरी, शेवग्याचा पाला, वरून तेल. पुरुष अजून यायचे होते. त्यांच्याआधी त्या घरात कधी कोणी बाई जेवली नव्हती. एक ताट मी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं, एक माझ्या.

"ते येऊ दे न आंधी," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "जेवा."