मेघनाच्या फोटोतलं इंग्लंड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. ती गेली, तिला सांगायचं राहून गेलं असं म्हणवत नाही, कारण मी सांगणारच नव्हते. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून कदाचित जमेल.

मला इंग्लंडचं वेड. हसू नका. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा. वडील पहाटे फुलं घेऊन बाजार गाठायचे आणि मी वाचनालयातून आणलेल्या अनुवादित कादंबऱ्यांत बुडालेली असायचे — दगडी घरं, धुकं, शेकोटीपाशी चहा. लग्न होऊन नाशिक रोडला आले तरी ते सुटलं नाही. कॉलनीतल्या आम्ही चारपाच जणी दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे जमून तिकडच्या मालिका बघतो. मोठाल्या हवेल्या, हिरवी कुरणं, कुणी आवाज चढवून बोलत नाही. आमच्यातल्या एकीनेही इगतपुरीच्या पलीकडचं धुकं पाहिलेलं नाही.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीला, मेघनाला, इंग्लंडातलं स्थळ सांगून आलं. तिच्या फारसं मनात नव्हतं. तिला इथेच रोपवाटिका काढायची होती. तिला तयार कुणी केलं? मीच. हात धुऊन मागे लागले होते. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि कॉलनीत माझा भाव वधारला. बायका विचारायच्या, मेघना काय म्हणते? म्हणून मी तिला फोटो मागायचे. ती राहायची एका दुकानावरच्या दोन खोल्यांत, खिडकीतून बसडेपो दिसायचा — ते कशाला दाखवायचं? मग ती बिचारी सुट्टीच्या दिवशी बसने कुठल्याशा खेड्यात जायची आणि मेंढ्या, चर्च, दगडी कुंपणं असं काय काय टिपून पाठवायची. मला वाटायचं, मजेत आहे.

नाही, हे खोटं झालं. मला तसं वाटत नव्हतं. फोनवर बोलताना मागे दार वाजलं की तिचा आवाज एकदम खाली यायचा. एकदा म्हणाली, थोडे दिवस येऊन राहू का? मी म्हटलं, इतक्यात? लोक काय म्हणतील? लोक म्हणजे कोण — त्या गुरुवारच्या बायका. किती क्षुल्लक आहे, नाही?

त्यानंतर तो फोटो आला. एका घराच्या फाटकापुढे ती उभी, हात लांब करून स्वतःच काढलेला. एरवी ती फोटोत कधीच नसे. मी तो मोठा केला. ओठ सुजलेला, डोळ्याखाली काळानिळा डाग, आणि नजर सरळ माझ्याकडे.

मला कळलं. लगेच कळलं. आणि मी काय लिहिलं सांगू? लिहिलं — मागच्या वेलीवरची जांभळी फुलं किती सुरेख गं, कसली आहेत?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. फुलाचं नाव होतं. नुसतं नाव.

मी त्या फोटोतून तिला कापून टाकलं. फाटक आणि वेल तेवढी ठेवली आणि गुरुवारी सगळ्यांना दाखवली. एकजण म्हणाली, अगदी मालिकेतल्यासारखं आहे. मला आनंद झाला. हो, झालाच — तोही कबूल करायला हवा.

आई गेली तेव्हा मेघना आली, एकटीच. भेटायला आलेल्या बायकांनी तिकडचं विचारलं, तर तिने कुरणांचं आणि धुक्याचं वर्णन केलं — मी त्यांना सांगायचे तसंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परत जाताना तिला विमानतळावर सोडायला मी गेले होते. दारापाशी बॅग खाली ठेवून ती म्हणाली,

"ताई, तो फोटो तू मोठा करून बघितला होतास ना?"

अजून वेळ गेली नव्हती. तिला हाताला धरून परत आणता आलं असतं. निदान हो म्हणता आलं असतं.

"कुठला गं?" मी विचारलं.

तिने मान हलवली, बॅग उचलली आणि आत गेली.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. मजेत आहे म्हणते. मी बरं म्हणते.